सुलेखाचं घर होतं तिथून डावीकडे

विल्मा हे गाव नेब्रास्कात आहे असं नकाशे म्हणतात, आणि तूर्त त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हायवे सोडला की हिरवी पाटी लागते. तिच्यावर लोकसंख्या त्रेसष्ट लिहिली आहे. ही मोजणी कधी झाली हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं तर पुन्हा मोजावं लागेल. पाटीच्या पुढे पाण्याची टाकी, डेलचं दुकान, पोस्ट आणि धान्याचं एलेव्हेटर, म्हणजे मका आणि ज्वारी साठवायचे काँक्रीटचे उंच नळे, एकाला एक चिकटून उभे. मुलूख इतका सपाट की हे एलेव्हेटर दहा मैलांवरून दिसतं. उत्तरेला दफनभूमीची टेकडी. तिला टेकडी म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा. गावातली सगळ्यात दाट वस्ती तिथेच आहे.

परक्या माणसानं इथे पत्ता विचारला की त्याची पंचाईत होते, कारण पत्ता सांगताना उभ्या असलेल्या कशाचंही नाव घ्यायचं नाही अशी विल्माची रीत आहे.

"शाळा होती तिथून उजवीकडे वळ," डेल कॉफी ओतता ओतता सांगतो. "मग हॉफमनचं एल्मचं झाड होतं तिथवर सरळ. रूळ होते ते ओलांड. चुकायला वावच नाही."

शाळेच्या जागी सोयाबीन आहे. एल्म रोगानं गेलं. रूळ रेल्वे कंपनीनं उपटून नेले. दुकानाच्या खिडकीतून एलेव्हेटर दिसतं, आणि रस्त्यापलीकडे डेलचं स्वतःचं निळ्या छपराचं घर तर समोरच दिसतं. पण यातल्या कशाच्याही आधारानं त्यानं आजवर कोणाला वाट दाखवलेली नाही.

सुलेखाबाई चांदोरकर लग्नानंतर सहा वर्षांनी, कडेवर ऋताला घेऊन इथे आल्या तेव्हा त्यांना याचं कौतुक वाटलं होतं. प्रल्हादराव ज्वारीवर संशोधन करणारे. राहुरीला शिकलेले, लिंकनला पीएचडी केलेले, आणि विल्माजवळच्या बियाणं केंद्रात नोकरीला लागलेले. इथे ज्वारी गुरं खातात. गुरांच्या खालोखाल चांदोरकर खात. पहिल्याच आठवड्यात सुलेखाबाईंनी शेजारच्या अर्माला पोस्टाचा रस्ता विचारला.

"डान्स हॉल होता तिथून डावीकडे जा," अर्मा म्हणाली. "पोस्ट जिथे होतं ना, त्याच्या समोर आता पोस्ट आहे."

"मग जुनं पोस्ट कुठे गेलं?"

"डेलकडे. ट्रकवर घालून नेलं. कोंबड्या ठेवल्यात त्यानं त्यात."

सुलेखाबाई मूळच्या साताऱ्याच्या. जिथे मोटारी लागत नाहीत त्या जागेला जुना मोटार स्टँड म्हणण्यात आणि सारी बाजारहाट त्याच्या खुणेनं करण्यात त्यांचं बालपण गेलेलं. त्या रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ही माणसं अगदी आपल्यासारखी आहेत." फरक एवढाच की साताऱ्यात आधी वस्तू जाते आणि मग नाव उरतं. विल्मात हा क्रम पक्का नाही, हे त्यांना कळायला पुढे बराच काळ जायचा होता.

त्यांचं घर गावाबाहेर, दक्षिणेकडून येणारा रस्ता जिथे संपतो तिथे. तो रस्ता मैलोन्मैल फूटपट्टीनं आखल्यासारखा उत्तरेकडे येतो आणि ऐन चांदोरकरांच्या स्वयंपाकघरासमोर त्याला आडवा रस्ता लागतो. डावीकडे वळायचं, थोडं जायचं, आणि मग पुन्हा उत्तरेकडे. प्रल्हादराव प्रत्येक पाहुण्याला याचं कारण सांगत. सर्वे करणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी सारा मुलूख चौकोनांत कापला. पण पृथ्वी गोल. उत्तरेकडे जावं तशा रेघा एकमेकींकडे सरकतात. म्हणून ठरावीक अंतरावर थांबून चूक दुरुस्त करायची, रेघ बाजूला घेऊन नव्यानं सुरू करायची. "म्हणजे पृथ्वीच्या गोलाईची सगळी चूक," ते ओट्याकडे बोट दाखवून म्हणत, "गोळा होऊन इथे, आमच्या फोडणीपाशी येते."

तो ओटा त्यांनीच बसवलेला. अमेरिकेतले ओटे उंच. सुलेखाबाई पोळपाटाशी उभ्या राहिल्या की खांदे कानांना लागत. प्रल्हादरावांनी त्यांच्या कोपराची उंची मोजली आणि सगळी कपाटं खालून करवतीनं कापली. त्यानंतर साऱ्या अमेरिकेत सुलेखाबाईंच्या मापाचा एक ओटा झाला. पुढे त्या एलेव्हेटरच्या वजनकाट्यावर नोकरीला लागल्या, ट्रक भरलेला आणि रिकामा तोलायचा. गाव त्यांना सू म्हणू लागलं. ऋता मोठी होऊन दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला, औषधांच्या कंपनीत गेली. बियाणं केंद्र बंद पडलं. प्रल्हादराव चार वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत गेले, सकाळपर्यंत हसत-बोलत होते. सुलेखाबाई राहिल्या. कापणीच्या दिवसांत अंधार पडता पडता ट्रक येत, त्यांचे दिवे स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडत, मसाल्याच्या डब्यापासून कालनिर्णयपर्यंत सरकत आणि डावीकडे निघून जात. त्यांना त्या उजेडाची सवय होती. सोबत म्हणावी इतकी.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी त्या दुकानात दूध घेत होत्या. प्रोपेन गॅसच्या गाडीचा नवा ड्रायव्हर डेलला एका शेताचा पत्ता विचारत होता.

"सरळ जा," डेल म्हणाला. "सूचं घर होतं तिथून डावीकडे."

सुलेखाबाई दुधाचा कॅन हातात धरून त्याच्या मागेच उभ्या होत्या. डेल वळला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"मॉर्निंग, सू. अंडी हवीत का? आज कोंबड्या खुशीत आहेत."

"काय म्हणालास तू आत्ता त्याला?"

"कोणाला? रस्ता सांगितला."

दुपारी तोच ड्रायव्हर त्यांच्या दारात गॅस घेऊन आला, तासभर उशिरा. टोपी काढून म्हणाला, "माफ करा बाई. दोनदा तुमच्या घरावरून पुढे गेलो. मला सांगितलं घर होतं तिथून वळ. मी रिकामी जागा शोधत होतो."

आठवडाभरात त्यांनी तेच आणखी तिघांच्या तोंडून ऐकलं. टपाल वाटणाऱ्या बाईच्या, पाद्र्याच्या, आणि ज्याच्याशी डेल गेली नऊ वर्षं बोलत नव्हता त्या डेलच्या भावाच्या. सगळे नेहमीसारखे प्रेमानं बोलत होते. कोणी घाई केली नाही, कोणी नजर चुकवली नाही. तेच जास्त वाईट होतं.

त्या अर्माकडे गेल्या. अर्मा नव्वदी ओलांडलेली, ओसरीवर गोधडी शिवत बसलेली.

"अर्मा, माझं घर पडलंय का गं?"

"काल तर दिसत होतं."

"मग लोक 'सूचं घर होतं तिथे' असं का म्हणतायत?"

अर्माची सुई थांबली. तिनं "काय?" असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "कधीपासून?"

मग ती बोलली ते गोधडीकडे बघतच. लूथरन चर्चवर वीज पडली त्याच्या महिनाभर आधी खुद्द पाद्री सांगत होता, सहल चर्च होतं तिथून निघेल. आणि तिचा नवरा कार्ल. "वसंतात म्हणायला लागले, कार्ल शेती करायचा तिथून पुढे. कार्ल तेव्हा ट्रॅक्टरवर बसून ऐकत होता. हसला. त्याला कशाचंही हसू यायचं. कापणीपर्यंत त्यांचं म्हणणं खरं झालं."

"पण सुरुवात कोण करतं?"

"कोणी नाही. सगळे म्हणतच असतात, आपल्याला उशिरा ऐकू येतं." अर्मानं दोरा दातांनी तोडला. "तशी सोय आहे त्यात. उभं असतं ते आज आहे, उद्या नाही. गेलेलं कुठे जात नाही."

"मग मी करू काय?"

"कार्लनं काही केलं नाही. चर्चनं प्रार्थना केली. दोन्हीचं काय झालं ते तुला ठाऊक आहे." मग ती थोडी मऊ झाली. "कॉफी घेणार?"

ऋताचा फोन रविवारी असे.

"आई, यू आर स्केअरिंग मी. म्हणजे त्यांना नाही घाबरत मी, तुला घाबरते. तू एकटी राहून असलं काहीतरी ऐकायला लागलीयेस."

"मी एकटीनं नाही ऐकलं. गॅसवाल्यानंही ऐकलं. दोनदा पुढे गेला तो."

"ओके, फाइन. समज ते खरंय. मग तर सिंपल आहे ना? तू इकडे ये. घर विकून टाक. मग तुझं घर 'होतं'च. त्यांचं म्हणणं ट्रू, आणि यू आर सेफ. रूम रेडी आहे तुझी."

तर्क बिनचूक होता आणि त्याचाच सुलेखाबाईंना राग आला. बॉथेलची ती खोली त्यांनी पाहिली होती. तिला सगळे आईची रूम म्हणत आणि तिच्यात जावयाची, शिवची, व्यायामाची सायकल असे. तिथला ओटा त्यांच्या छातीपर्यंत येई.

"आणि आर्यला मराठी कोण शिकवणार?" ऋता म्हणाली.

"त्याला विचार, शिकायचंय का."

मागून आर्यचा आवाज आला, "नॉट रिअली, आजी!"

"मुलगा खरं बोलतो," सुलेखाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांवर गेलाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी भाकरी थापायला घेतली. ट्रक आला. उजेड मसाल्याच्या डब्यावर आला, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांना वाटलं की तो भिंतीवर जरा जास्त वेळ थांबला. त्या हातावरची भाकरी तशीच धरून उभ्या राहिल्या. उजेड कालनिर्णयकडे सरकला आणि गेला. त्यांना जीव प्यारा होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण घर सोडून वाचायचं, तर वाचून उभं कुठे राहायचं? दुसऱ्याच्या मापाच्या ओट्याशी?

नोव्हेंबरात त्या अंड्यांसाठी डेलच्या परसात गेल्या. खुराड्याचं दार डेलनं उघडलं आणि त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच ते खुराडं नीट दिसलं. पितळी गजांची तिकीट-खिडकी जिथल्या तिथे होती. टपालाच्या खणांत पेंढा घातला होता आणि प्रत्येक खणात एकेक कोंबडी जुन्या पोस्टमास्तरासारखी तुटक नजरेनं बघत बसली होती.

"हे पोस्ट, डेल. हे जळलं नाही, पडलं नाही."

"नाही ना. छान लाकूड आहे. का?"

"आणि तुम्ही 'पोस्ट होतं तिथे' म्हणता."

"होतंच तिथे," डेल म्हणाला. त्याला बायकांच्या काही प्रश्नांचा नाद सोडून द्यायची सवय होती. "डझन देऊ?"

सुलेखाबाईंनी परत येताना गाडी घरासमोर थांबवली आणि बराच वेळ घराकडे पाहिलं. गाव म्हणत होतं, घर तिथे होतं. घराचं पुढे काय झालं हे गावानं म्हटलेलं नव्हतं. विल्माच्या रीतीत तेवढी एक फट होती. प्रल्हादरावांनी ज्वारीच्या प्रयोगांसाठी घेतलेला दहा एकरांचा तुकडा आडव्या रस्त्यानं पूर्वेला अर्ध्या मैलावर पडून होता.

मैदानी मुलखात घरं हलवणारी माणसं असतात. वर्न त्यांतला एक. तो आला, तळघरात उतरला, तुळया ठोकून पाहिल्या. "जाईल की," म्हणाला. "धुराडं काढावं लागेल. कपबश्या कपाटात राहू द्या. कारण काय पण? रस्त्याचा त्रास?"

"हवापालट," सुलेखाबाई म्हणाल्या.

खर्चाचा आकडा ऐकून ऋतानं फोनवर इंग्रजीत देवाचं नाव घेतलं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी घर निघालं. घराखालून लोखंडी तुळया सरकवल्या, जॅकवर चढवलं, खाली चाकं घातली. गाव घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला आलं. अर्मासुद्धा गोधडी पांघरून आली. वर्नच्या ट्रकनं ओढ घेतली आणि घर जमिनीतून सुटून रस्त्यावर आलं, पडद्यांसकट. सुलेखाबाई मागून आपल्या पिकअपमधून हळूहळू चालल्या होत्या. पुढे स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्याकडे तोंड करून, चालत्या माणसाच्या गतीनं दूर जात होती. पडदा हलला. आत कोणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. कुलूप त्यांनीच लावलं होतं. तरी त्यांनी गाडी थोडी मागे ठेवली.

संध्याकाळी नव्या पायावर घर टेकलं. एक कपबशीही फुटली नव्हती. मागे जुन्या जागी तळघराचा खड्डा राहिला, भोवती नारिंगी जाळी. माती वसंतात भरू, वर्न म्हणाला. दुकानात डेल पत्ता सांगत होताच, सूचं घर होतं तिथून डावीकडे. आता त्यात कोणाला काही वावगं नव्हतं, सुलेखाबाईंनासुद्धा. नव्या जागेचं नाव कोणीच घेत नव्हतं. ती उभी होती.

फेब्रुवारीत तीन दिवस धुकं पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुलेखाबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. पश्चिमेकडून मोठा आवाज आला आणि मग पावसासारखी लांबलचक सळसळ. त्या कोट चढवून गाडीनं गेल्या. मक्यानं भरलेला ट्रक थांबायची पाटी पाडून, लायलॅकचं कुंपण मोडून, नाक खाली करून तळघरात शिरला होता. पिवळा मका काठोकाठ भरून वाहत होता. केबिन जिथे आपटली होती तिथे, डोळ्यांनीच मापलं तरी कळत होतं, ओटा होता.

ड्रायव्हर मक्यावर बसला होता, गळपट्टीचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. शेरिफच्या माणसाला सांगत होता, "मला वाटलं रस्ता अजून बाकी आहे. समोर घर दिसत होतं ना, बरंच लांब. खिडकीत दिवा होता. बाई उभी होती आत, काहीतरी थापत होती. म्हटलं घराच्या अलीकडे वळू."

शेरिफच्या माणसानं खड्ड्याकडे पाहिलं, सुलेखाबाईंकडे पाहिलं, आणि कारणाच्या जागी 'धुकं' लिहिलं.

सुलेखाबाईंच्या बोटांना अजून पीठ होतं. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले.

दोन दिवसांनी धुकं निवळलं आणि ट्रक ओढून काढायला दुसऱ्या गावाहून क्रेनवाला आला. सुलेखाबाई दुकानात कॉफी घेत होत्या. गेल्या चार महिन्यांत प्रथमच त्यांना बरं वाटत होतं, म्हणजे इतकं बरं की त्यांनी डेलच्या कॉफीत साखर घालून ती संपवायचंही ठरवलं होतं.

"गावातून दक्षिणेकडे जायचंय," क्रेनवाला म्हणाला. "तो अपघात झाला तिथे."

"सोपंय," डेल म्हणाला. त्यानं कप पुसत खिडकीबाहेर नेहमीची मान हलवली. "इथून बाहेर पडलास की डेलचं घर होतं तिथून उजवीकडे. मग सरळ, सूचं घर होतं तिथवर."

क्रेनवाला आभार मानून गेला. दाराची घंटी वाजून थांबली. कोपऱ्यात डेलचा भाऊ वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं. खिडकीतून निळं छप्पर उन्हात स्वच्छ दिसत होतं, धुराड्यातून धूर निघत होता.

"आणखी देऊ, सू?" डेलनं विचारलं. "आज तर संपवलीस! हे लिहून ठेवायला हवं."

"डेल," सुलेखाबाई म्हणाल्या, "तू आत्ता काय म्हणालास?"

"रस्ता सांगितला."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यावर काहीही नव्हतं. मग त्यांनी पर्स उघडली, खालून वर्नचं कार्ड शोधून काढलं, पिठाचा डाग पडलेलं, आणि काउंटरवरून त्याच्या कपापाशी सरकवलं.

डेलनं ते हातात घेतलं, लांब धरून वाचलं. "घरं हलवणारा. मला कशाला?"

"तुझ्याकडे जागा आहे ना, टाकीच्या मागे?"

"आहे. पण माझं घर चांगलं आहे तिथेच."

"हो," सुलेखाबाई म्हणाल्या. "माझंही होतं."

कोपऱ्यात वर्तमानपत्र खाली आलं. नऊ वर्षांत डेलचा भाऊ डेलशी एक शब्द बोलला नव्हता.

"फोन कर त्याला," तो म्हणाला.

डेल हसणार होता, ते राहिलं. त्यानं कार्ड खाली ठेवलं, कप ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन काचेवर तळहात टेकून रस्त्यापलीकडे बघत उभा राहिला, एखादी वस्तू अजून जागेवर आहे का ते बघावं तसा.